'पाहिजे'चं इंग्रजी: मस्ट, हॅव टू, शुड आणि त्यांचे नकार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी नाशिकला इंग्रजी शिकवते; माझी सकाळची बॅच गंगापूर रोडला असते आणि संध्याकाळची सातपूरच्या कारखान्यांच्या भागात. सकाळी कॉलेजची मुलं आणि गृहिणी येतात. संध्याकाळी शिफ्ट सुटलेले सुपरवायझर, दिंडोरी-पिंपळगावकडच्या पॅकहाउसमधली (म्हणजे द्राक्षं निवडून पेट्या भरतात तिथली) मुलं-मुली, हॉटेलच्या रिसेप्शनवरचे लोक येतात. बॅच कुठलीही असो, सक्ती आणि मनाईचा धडा आला की तेच प्रश्न येतात. फळ्यावर तेच ते लिहून हात दुखायला लागला, म्हणून आता एकदाच इथे लिहून ठेवते. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. आधी कानाला बसू देत, स्पेलिंगचं नंतर बघू.

मस्ट म्हणजेही 'पाहिजे' आणि हॅव टू म्हणजेही 'पाहिजे'. मग दोन शब्द कशाला?

मराठीत तरी एकच कुठे आहे? 'मला रोज चालायला पाहिजे' आणि 'मला रोज चालावं लागतं' ही दोन वाक्यं मोठ्यानं म्हणून बघा. पहिलं म्हणणाऱ्याला ते स्वतःलाच पटलेलं आहे, पोट सुटलंय, आरशात दिसतंय. दुसऱ्याला कशानं तरी भाग पाडलंय: बस बंद झाली असेल, गाडी गॅरेजला असेल, डॉक्टरांनी दम दिला असेल. 'लागतं' म्हटलं की मागे एक सुस्कारा ऐकू येतो. तो सुस्कारा म्हणजे हॅव टू. 'आय मस्ट वॉक एव्हरी डे' ही मनाची टोचणी, 'आय हॅव टू वॉक एव्हरी डे' ही परिस्थितीची.

दुसऱ्याला सांगतानाही तेच. आई म्हणते, 'यू मस्ट फिनिश युअर होमवर्क.' हुकूम तिचा स्वतःचा आहे. तोच मुलगा खाली खेळायला बोलावणाऱ्या मित्राला सांगतो, 'आय हॅव टू फिनिश माय होमवर्क.' हुकूम आईचा, हा बिचारा फक्त निरोप सांगतोय. तोंड उघडण्याआधी एवढंच विचारा, सक्ती कोण करतंय? बोलणारा की बाहेरचं कुणी?

पण ही काळ्या दगडावरची रेघ समजू नका. रोजच्या बोलण्यात इंग्रज आणि त्याहून जास्त अमेरिकन माणसं दोन्हीकडे हॅव टूच वापरतात. छापील ब्रिटिश इंग्रजीचे १९६१ आणि १९९१ चे नमुने अभ्यासकांनी शेजारी-शेजारी ठेवून मोजले, तेव्हा मस्टचा वापर बराच उतरलेला आणि नीड टूचा चढलेला दिसला. आपल्याकडे मात्र शाळेपासून मस्ट पहिलं शिकवतात, म्हणून तेच पहिलं तोंडात येतं. बोलताना अडलात तर डोळे मिटून हॅव टू घ्या. फार बिघडत नाही.

मस्ट नॉट आणि डोन्ट हॅव टू यात माझा कायम गोंधळ होतो. सोपं करून सांगाल का?

या पानावरचा एकच प्रश्न वाचायचा असेल तर हा वाचा. बाकीच्या चुकांनी फार तर लोक हसतील. ही चूक कामावर महागात पडू शकते.

सातपूरच्या बॅचमधल्या एका सुपरवायझरनं सांगितलेला किस्सा. कंपनीत बाहेरदेशाहून पाहुणे आले होते. शॉप फ्लोअर बघून झाल्यावर सगळे ऑफिसात शिरले, तरी एका पाहुण्याच्या डोक्यावर हेल्मेट तसंच. आमच्या सुपरवायझरला म्हणायचं होतं, 'इथे हेल्मेटची गरज नाही.' तो म्हणाला, 'सर, यू मस्ट नॉट वेअर हेल्मेट हिअर.' पाहुण्यानं दचकून हेल्मेट काढलं आणि इकडेतिकडे बघत विचारलं, 'व्हाय, इज इट डेंजरस?'

मस्ट नॉट म्हणजे मनाई: घालायचं नाही, घालता कामा नये. डोन्ट हॅव टू म्हणजे मोकळीक: घालावं लागत नाही, घातलं तरी कुणी काही म्हणणार नाही. पाहुण्याला सांगायचं होतं 'यू डोन्ट हॅव टू वेअर इट हिअर'.

मस्टचं उलट मस्ट नॉट असणार असं आपण धरून चालतो, आणि तिथेच फसतो. खरी मेख आहे 'नॉट' कुणाला चिकटतं यात. 'यू मस्ट नॉट गो' मध्ये सक्ती जागच्या जागी आहे, नकार 'जाण्याला' चिकटलाय: न जाण्याची सक्ती. 'यू डोन्ट हॅव टू गो' मध्ये नकार सक्तीलाच चिकटलाय: जाण्याची सक्ती नाही. मराठीत हे आपण रोज बिनचूक बोलतो. 'तू जाऊ नयेस' मध्ये नकार जाण्याचा आहे, 'तुला जावं लागणार नाही' मध्ये नकार लागण्याचा आहे. वाक्य मनात 'नये', 'कामा नये' किंवा 'जायचं नाही' असं आलं तर मस्ट नॉट. 'लागत नाही' किंवा 'गरज नाही' असं आलं तर डोन्ट हॅव टू, नाहीतर डोन्ट नीड टू.

खरा चोर आहे आपला 'नको'. 'उद्या तू यायला नको' असं आजी म्हणाली, तर त्याचा अर्थ 'कशाला त्रास घेतोस, नाही आलास तरी चालेल' असा होतो. तेच वाक्य रागावलेल्या मामांच्या तोंडी आलं तर 'पाय ठेवायचा नाही' असा. 'नको' हा शब्द मनाईलाही चालतो आणि मोकळीक द्यायलाही. मराठीत आवाजावरून कळतं, इंग्रजीत क्रियापद बदलावं लागतं. म्हणून 'नको' आला की थांबायचं आणि त्याचं आधी 'नये' होतंय की 'गरज नाही' होतंय ते बघायचं.

मन शांत व्हावं म्हणून सांगते, हा घोटाळा एकट्या मराठी माणसाचा नाही. जर्मन भाषेत मस्टचं सख्खं भावंड आहे, 'म्युसेन'. त्याला नकार लावला की अर्थ होतो 'गरज नाही'. त्यामुळे इंग्रजी बोलणारे जर्मन लोक नेमके याच खड्ड्यात पडतात. समोर जर्मन इंजिनिअर असेल आणि तो 'यू मस्ट नॉट' म्हणाला, तर एकदा परत विचारलेलं बरं.

मस्टचा भूतकाळ काय?

मस्टला भूतकाळच नाही. 'मस्टेड' वगैरे काही नसतं. भूतकाळात 'जावं लागलं' म्हणायचं असेल तर 'आय हॅड टू गो', भविष्यात 'जावं लागेल' असेल तर 'आय विल हॅव टू गो'. मजा म्हणजे मस्ट हे स्वतःच मुळात भूतकाळी रूप आहे. जुन्या इंग्रजीत 'मोट' असं एक क्रियापद होतं, त्याचं भूतकाळी रूप हळूहळू वर्तमानात येऊन बसलं. मूळ क्रियापद केव्हाच गेलं, हे उरलं. आधीच भूतकाळ असलेल्याला आणखी भूतकाळ कुठून आणायचा?

मस्ट नॉटचा भूतकाळही असाच दुसऱ्याकडून उसना घ्यावा लागतो: 'वॉज नॉट अलाउड टू' किंवा 'वेअर नॉट अलाउड टू'. वर्गात मी नाशिकचंच उदाहरण देते. काळाराम मंदिराचा सत्याग्रह डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० ला सुरू झाला. का, हे इंग्रजीत सांगायचं तर 'दलित्स वेअर नॉट अलाउड टू एन्टर द टेम्पल'. इथे 'मस्ट नॉट एन्टर' लिहिलंत तर ती मनाई आज, या क्षणी तुम्हीच घातल्यासारखी वाटेल. आणि 'डिडन्ट हॅव टू एन्टर' लिहिलंत तर 'जायची गरज पडली नाही' असा अर्थ होऊन साऱ्या इतिहासाचा विचका होईल.

मग 'मस्ट हॅव गॉन' म्हणजे काय? मी तर 'जायला पाहिजे होतं' समजत होतो.

बहुतेक सगळेच समजतात. पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला निघालेली मैत्रीण नाशिकरोडला दिसत नाही. 'शी मस्ट हॅव मिस्ड द ट्रेन' म्हणजे 'तिची गाडी चुकली असणार'. हा अंदाज झाला, इथे सक्ती बिलकुल नाही. 'तिनं लवकर निघायला पाहिजे होतं' यासाठी 'शी शुड हॅव लेफ्ट अर्ली'. मराठीतला 'असणार' आणि 'पाहिजे होतं' डोक्यात वेगळे ठेवलेत की झालं.

आणि 'जायला नको होतं'? 'शुडन्ट हॅव गॉन'. इथला 'नको' एकदाचा सरळ वागतो.

डिडन्ट हॅव टू आणि नीडन्ट हॅव सारखेच का?

जवळपास, पण एक बारकावा आहे. पावसाळ्यात 'आय नीडन्ट हॅव टेकन द अम्ब्रेला' म्हणालात तर छत्री नेली आणि ती उगाच ओझं झाली. 'आय डिडन्ट हॅव टू टेक द अम्ब्रेला' यात गरज नव्हती एवढंच कळतं, नेली की नाही ते कळत नाही. परीक्षेत विचारतात म्हणून सांगितलं. बोलताना डिडन्ट हॅव टूच वापरा.

'मला जायचं आहे' याचं इंग्रजी 'आय वॉन्ट टू गो' की 'आय हॅव टू गो'?

दोन्ही होऊ शकतं, आणि हा आपल्या मराठीचा गोडवा आहे. 'मला सुला फेस्टला जायचंय' ही हौस आहे, 'मला आरटीओत जायचंय' ही सजा. वाक्याची बांधणी तीच, क्रियापद तेच. इंग्रजीत मात्र हौस आणि सजा वेगवेगळी सांगावी लागते: हौसेला वॉन्ट टू, सजेला हॅव टू.

'मला' वरूनच दुसरी चूक होते. मराठीत सक्ती माणसाला 'येऊन पडते', म्हणून मला, तुला, त्याला. इंग्रजीत माणूस स्वतःच कर्ता होतो: 'आय', 'यू', 'ही'. 'मी टू गो मस्ट' किंवा 'टू मी इज नेसेसरी' अशी वाक्यं नवीन बॅचमध्ये दर वर्षी ऐकते. मला हसू येत नाही, कारण ती मराठी म्हणून अगदी शुद्ध आहेत.

मस्ट टू गो बरोबर की मस्ट गो?

मस्ट गो. मस्ट आणि शुडनंतर टू नाही. हॅव, नीड आणि ऑटनंतर टू आहे. 'ही मस्ट गोज' पण नाही. आणि 'हेल्मेट इज मस्ट' ही आपली अख्ख्या देशाची आवडती चूक: 'अ हेल्मेट इज अ मस्ट' म्हणा, नाहीतर सरळ 'कम्पल्सरी' म्हणा.

शुड आणि ऑट टू यात जास्त जोर कशात?

जोर दोन्हींत मस्टपेक्षा कमीच आहे. शुड म्हणजे सल्ला: 'केलंस तर बरं.' ऑट टूमध्ये थोडं कर्तव्य मिसळलेलं असतं. हा शब्द मला खास आवडतो, कारण तो 'ओ' या क्रियापदाचं जुनं भूतकाळी रूप आहे आणि 'ओ' म्हणजे देणं लागणं. आपणही म्हणतोच ना, 'आपण समाजाचं काही देणं लागतो'! 'वी ऑट टू हेल्प' मध्ये नेमका तोच भाव आहे. आपला 'लागणे' सक्तीलाही येतो आणि कर्जालाही, हे कुणी ठरवून केलेलं नाही. दोन भाषा एकमेकींना न विचारता एकाच ठिकाणी पोचल्या.

ऑट टू आता बोलण्यात कमी ऐकू येतं. कळलं म्हणजे पुरे.

'हॅड बेटर' बद्दल मात्र सावध. 'तू गेलेलं बरं' याच्याशी ते इतकं जुळतं की वापरायचा मोह होतो. पण 'यू हॅड बेटर गो' मध्ये 'नाहीतर बघ' अशी धमकी दडलेली असते. धाकट्या भावाला चालेल, साहेबाला नको. हा 'नको' मनाईचा!

परदेशी ग्राहकाला मेल लिहिताना मस्ट वापरू का?

एका निर्यातदाराच्या ऑफिसातल्या मुलीनं लंडनच्या ग्राहकाला लिहिलं होतं, 'यू मस्ट रिप्लाय बाय मंडे.' तिच्या मनात 'सोमवारपर्यंत उत्तर हवंय, प्लीज' असं होतं. समोरच्याला 'सोमवारपर्यंत उत्तर द्या, नाहीतर...' असं वाचायला मिळालं. उत्तर आलं, पण फार कोरडं आलं.

मराठीत 'हवंय', 'पाहिजे', 'द्याल का' अशा पायऱ्यांनी आपण नम्रता वाढवत नेतो, आणि 'अहो-जाहो' तर कुठल्याही हुकमाची धार बोथट करतं. 'तुम्ही उत्तर द्यायला पाहिजे' हे 'तू द्यायला पाहिजे' पेक्षा आधीच मऊ आहे. इंग्रजीतल्या 'यू' मध्ये 'अहो' नाही, त्यामुळे ती सगळी नम्रता क्रियापदालाच उचलावी लागते. 'कुड यू प्लीज रिप्लाय बाय मंडे?' किंवा 'वी वुड नीड युअर कन्फर्मेशन बाय मंडे.' दुसऱ्यात गरज आपली आहे, समोरच्यावर बोट रोखलेलं नाही.

उलट एका ठिकाणी मस्ट फार गोड लागतं. 'यू मस्ट कम टू नाशिक!' 'यू मस्ट ट्राय द मिसळ!' हे आपल्या 'यायलाच पाहिजे हं!' सारखं आहे. ज्यात फायदा ऐकणाऱ्याचा, तिथे मस्टचा आग्रह होतो. ज्यात फायदा बोलणाऱ्याचा, तिथे त्याचा हुकूम होतो. पुस्तकात सहसा हे सापडत नाही, पण मला याहून उपयोगी नियम माहीत नाही.

आमच्या पॅकहाउसमध्ये 'मेजर मस्ट', 'मायनर मस्ट' म्हणतात. हे कुठलं व्याकरण?

व्याकरण नाही, द्राक्षं. युरोपात माल पाठवायचा तर बहुतेक ठिकाणी ग्लोबलगॅपचं, म्हणजे शेती ठरलेल्या नियमांनी केल्याचं, प्रमाणपत्र मागतात. त्यांच्या यादीतल्या अटींचे तीन प्रकार: मेजर मस्ट, मायनर मस्ट आणि रेकमेंडेशन. मेजर मस्ट शंभर टक्के पाळायचे, मायनर मस्ट ९५ टक्के, आणि रेकमेंडेशन म्हणजे केलंत तर उत्तम. इथे मस्ट हे नाम झालंय, 'अ मस्ट' सारखंच. त्याखालच्या वाक्यांत कुठे मस्ट आहे, कुठे शुड, हे वाचताना बोट ठेवून बघा. फवारणीच्या औषधाच्या अंशाची मर्यादा 'मस्ट नॉट एक्सीड' असेल तर ती 'शुडन्ट' म्हणून वाचून चालणार नाही.

अंबड-सातपूरच्या कंपन्यांत तेच काम 'शॅल' करतं. आयएसओ ९००१ हे गुणवत्ता व्यवस्थापनाचं मानक उघडा, पानोपानी 'द ऑर्गनायझेशन शॅल'. आयएसओच्या कागदांत शॅल म्हणजे बंधन, शुड म्हणजे शिफारस, मे म्हणजे परवानगी, कॅन म्हणजे शक्यता. बोलण्यातून शॅल जवळजवळ गेलं, पण कायदा आणि टेंडरमध्ये ते ठाण मांडून बसलंय. संविधानाच्या २१ व्या कलमाची सुरुवातच 'नो पर्सन शॅल बी डिप्राइव्ड' अशी आहे. तिथे शॅल भविष्यकाळ नाही, ती सक्त मनाई आहे.

सॉफ्टवेअरवाल्यांसाठी: इंटरनेटच्या मानकांमध्ये मस्ट, शुड, मे यांचे नेमके अर्थ ठरवणारा एक छोटासा दस्तऐवज आहे, आरएफसी २११९, साल १९९७. त्यात शुडचा अर्थ असा की योग्य कारण असेल तर हे टाळता येईल, पण परिणाम समजून घेऊन. आईच्या 'लवकर ये' चाही साधारण तोच अर्थ असतो.

सपोज्ड टू कधी वापरायचं?

नियम आहे, पण कुणी पाळेल याची खात्री नाही, तेव्हा. नाशिकच्या सीबीएस चौकातल्या सिग्नलला उभं राहून म्हणायचं, 'यू आर सपोज्ड टू स्टॉप ॲट रेड.' मराठीत 'खरं तर थांबायचं असतं'. तो 'खरं तर' म्हणजेच सपोज्ड टू. आणि 'यू आर नॉट सपोज्ड टू पार्क हिअर' हे मस्ट नॉटचं सौम्य रूप आहे, अनोळखी माणसाला टोकायला उत्तम.

२०२७ च्या सिंहस्थात हॉटेलवर, घाटावर बाहेरचे पाहुणे येतील. त्यांना मनाई कशी सांगावी?

पाटीवर आणि तोंडानं यात फरक ठेवा. पाटीवर 'नो फोटोग्राफी', 'डू नॉट एन्टर' असं थेट चालतं, पाटीचा कुणाला राग येत नाही. तोंडानं 'यू मस्ट नॉट' फार शाळामास्तरी वाटतं. त्यापेक्षा 'सॉरी, फोटोग्राफी इजन्ट अलाउड हिअर' म्हणा: नियम मंदिराचा, तुमचा नाही. चपलांसाठी 'यू हॅव टू लीव्ह युअर शूज हिअर' ठीक, 'प्लीज लीव्ह युअर शूज हिअर' त्याहून बरं. जीवाचा प्रश्न असेल, पाणी वाढलं असेल, तर मात्र नम्रता गुंडाळून ठेवा आणि ओरडा, 'डोन्ट गो इन!'

लिहिलेलं कळतं, पण ऐकताना पकडता येत नाही. का?

कारण ते बोलतात वेगळं. हॅव टू हे 'हॅफ्टा' होतं, हॅज टू 'हॅस्टा', सपोज्ड टू 'सपोस्टा'. मस्ट नॉट जोडून बोलताना मधला ट गळतो: 'मसन्ट'. शुडमधला ल कधीच उच्चारायचा नाही. शुड हॅव हे 'शुडव्ह' किंवा नुसतं 'शुडा' ऐकू येतं, म्हणूनच तिकडची मुलंही ते लिहिताना चुकतात.

बारावीच्या पेपरात 'ऑब्लिगेशन (सक्ती) दाखवणारं मोडल (मस्ट, शुडसारखं सहायक क्रियापद) वापरा' असं आलं तर?

मस्ट लिहा, मार्क घ्या, पुढच्या प्रश्नाकडे जा.

'मस्ट आय कम टुमॉरो?' असं कुणी विचारलं तर 'नो, यू मस्ट नॉट' म्हणायचं ना?

म्हणालात तर त्याला उद्या यायची बंदी होईल. उत्तर 'नो, यू डोन्ट हॅव टू', थोडं जुन्या वळणाचं हवं असेल तर 'नो, यू नीडन्ट'. हा प्रश्न संध्याकाळच्या बॅचमधल्या एका मुलानं शनिवारी निघता निघता विचारला होता, रविवारच्या जादा तासाबद्दल. मी घाईत 'नो, यू मस्टन्ट' म्हणून गेले. तो आला नाही, आणि सोमवारी सगळ्या वर्गासमोर माझंच वाक्य मला ऐकवलं.